पडदेवालीचे डोळे

दुकानाच्या पाटीवर नाव वडिलांचं होतं, पण बाजारात सगळे त्याला 'पडदेवालीचं दुकान' म्हणूनच ओळखायचे. आत शिरलं की डाव्या हाताला छतापर्यंत रचलेले कापडाचे गठ्ठे, उजव्या हाताला कापायचं लांबलचक टेबल आणि मागे खिडकीशी शिलाई मशीन. त्या मशीनवर बसलेली बाई म्हणजे पडदेवाली. घरात ती थोरली, म्हणून भाऊ तिला ताई म्हणायचा. मग गिऱ्हाईकं ताई म्हणायला लागली, समोरचा चहावाला म्हणायला लागला, आणि शेवटी तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला ताईच म्हणू लागली.

बोलायला ताई फटकळ. कुणी येऊन 'खिडकीला पडदा हवाय' म्हटलं की ती विचारायची, "काय अडवायचंय? ऊन की शेजारी?" उन्हाला जाड अस्तर लागतं, शेजाऱ्याला नुसती चुण्यांची दाटी पुरते, असा तिचा हिशेब. गिऱ्हाईक हसायचं आणि बहुधा दोन्ही सांगून जायचं.

लांबचं बघायला तिला चष्मा होता. सुईत दोरा ओवायचा असला की ती चष्मा कपाळावर सरकवायची, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करायची, आणि पहिल्याच फटक्यात दोरा आरपार. पन्नाशी उलटली तरी हे असंच चालू होतं. नव्या माणसाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. पण ज्यांना तिच्या भावाची गोष्ट ठाऊक होती, ते त्या सुईकडे जरा वेळ बघत राहायचे.

भाऊ तिच्या पाठचा. त्याला सगळे धाकटा म्हणायचे, आणि केस पिकले तरी त्याचं ते नाव सुटलं नाही. दोघांनाही लहानपणीच साखरेचा आजार जडला. आधी ती, मग वर्षा-दोन वर्षांत तोही. त्या काळी इन्सुलिन टोचायची पिचकारी काचेची असायची आणि ती रोज उकळून घ्यावी लागायची. आई सकाळी उठली की चहाच्या आधी पिचकाऱ्यांचं पातेलं चुलीवर चढवायची. वडिलांचा स्वभाव हसण्यावारी नेण्याचा. ते म्हणायचे, "आमच्याकडे साखर डब्यात कमी आणि पोरांत जास्त."

आजार एकच, पण दोघांची तऱ्हा निराळी. धाकटा अक्षरशः तोलून मापून जेवायचा. आईनं नको म्हटलं की नको. वाढदिवसाला वर्गात गोळ्या वाटल्या तर तो आपली गोळी शेजारच्याला देऊन मोकळा व्हायचा. ताई मात्र पक्की चोर. डब्यातली साखर ओल्या बोटानं चाटायची, मैत्रिणीच्या घरी जाऊन पोटभर गोड खायची आणि घरी येऊन साळसूदपणे पाणी प्यायची. एकदा त्यापायी बेशुद्ध पडून दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा कुठे जरा ताळ्यावर आली. तरी पुढची कितीतरी वर्षं तिचं पथ्य म्हणजे आज आहे, उद्या नाही. आई तिला म्हणायची, "तुझ्या काळजीनं माझे डोळे जातील." डोळे गेले ते धाकट्याचे.

तेव्हा वडील जाऊन दुकान दोघांनी हातात घेतलं होतं. धाकटा कापायचा, ताई शिवायची. धाकट्याची कात्री सरळ चालायची, रेघ न आखता. त्याचं लग्न झालेलं, मुलगी जेमतेम चालायला लागलेली. एका सकाळी तो पांढऱ्या कापडाचा तागा टेबलावर पसरून कापत होता. मधेच थांबला आणि कापडावरचा काळा दोरा चिमटीत धरायला गेला. दोरा सरकला. पुन्हा धरायला गेला, पुन्हा सरकला.

"काय टिपतोयस? कापड स्वच्छ आहे," ताई म्हणाली.

धाकट्यानं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. दोरा भिंतीवरही होता.

दोन दिवसांनी दोऱ्याची शाई झाली. एका डोळ्यापुढे कुणीतरी दौत सांडावी तसं सगळं काळं. नेत्र रुग्णालयात डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळ्याच्या आत, अगदी मागे, जो पडदा असतो त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या या आजारात बंद पडत जातात. पडदा उपाशी राहतो, आणि उपाशी पडदा जीव वाचवायला नव्या वाहिन्या उगवतो. पण त्या कच्च्या असतात, फुटतात. तुम्ही आधी का नाही आलात, असंही डॉक्टर म्हणाले. आधी काही दिसायलाच कमी झालं नव्हतं, मग येणार कशाला? लेझर झालं, ऑपरेशनं झाली. पहिला डोळा गेला, आणि दोन वर्षांत दुसराही त्याच वाटेनं. दुसऱ्यात उरला तो एवढाच उजेड, की दिवा लागला की विझला ते कळावं.

धाकटा महिनाभर घरात पडून राहिला. मग एके दिवशी बायकोचा हात धरून दुकानात आला, आपल्या टेबलाशी उभा राहिला आणि कापडावरून हात फिरवत म्हणाला की कात्री तू घे, मला कड्या दे. तेव्हापासून पडद्यांना कड्या लावणं, दांडीची मापं जुळवणं, कापड पारखणं हे त्याचं काम. नुसत्या स्पर्शानं तो कापडाचा रंग सांगतो असं गिऱ्हाईकांना वाटायचं. खरं म्हणजे कुठला गठ्ठा कुठे ठेवलाय हे त्याला पाठ होतं. पण तो कुणाचा गैरसमज दूर करत नसे.

या सगळ्या काळात ताईचेही डोळे तपासले गेले. तोच आजार, तेच रक्त, त्यातून तिचं पथ्य असं बेताचं. डॉक्टरांनी थेंब घालून, उजेड पाडून, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे बघायला लावून पडद्याचा कोपरा न् कोपरा पाहिला आणि म्हणाले की काही नाही, स्वच्छ आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. एखादी बाई आनंदानं बाजारभर सांगत सुटली असती. ताईनं घरी येऊन एवढंच सांगितलं की तपासणी झाली. धाकट्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ज्यानं आयुष्यभर गोळीसुद्धा तोंडात टाकली नाही त्याच्यासमोर, डबा चाटणाऱ्या बहिणीनं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तपासणी मात्र तिनं एकदाही चुकवली नाही. पथ्यही आता ती धाकट्याच्या वरताण पाळायला लागली होती. भावजय म्हणायची, ताईंना उशिरानं शहाणपण आलंय. ताईला वाटायचं, ते आलंय खरं, पण दुसऱ्याच्या खर्चानं.

अशी बरीच वर्षं गेली. मग रुग्णालयात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वयानं तरुण, बोलणं हळू, आणि समोरचा बोलत असताना मधे न तोडण्याची सवय. ताईचे जुने कागद वाचून त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं की इतकी वर्षं हा आजार असूनही ज्यांचे डोळे शाबूत आहेत अशा माणसांचा त्या अभ्यास करतायत. "तुमच्या पडद्यातून रक्त कसं वाहतं ते मला बघायचंय. दर वर्षी दोन-तीनदा याल का?"

"आयुष्यभर लोकांचे पडदे मी शिवले," ताई म्हणाली. "माझा पडदा बघायला कुणी येईल असं वाटलं नव्हतं."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर होऊन म्हणाल्या की यातून तुम्हाला स्वतःला काही फायदा होईल असं मी सांगू शकत नाही. हे ताईला आवडलं. जो दुकानदार कापड विटेल हे आधीच सांगतो त्याच्याकडून ती डोळे मिटून माल घ्यायची.

तपासणीची खोली मागच्या अंगाला होती. खिडकी काळ्या कापडानं झाकलेली, आणि ते कापड असं लोंबत होतं की ताईला पहिल्या दिवशी यंत्रापेक्षा त्याचाच त्रास झाला. पुढच्या खेपेला तिनं दांडी आणि नीट शिवलेला पडदा आणून स्वतः लावून दिला. यंत्र चालवायला एक मुलगी होती, तिला सगळे कॅमेरावाली म्हणायचे. हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला लावा, आतल्या हिरव्या फुलीकडे बघा आणि डोळा हलवू नका, एवढं तिचं सांगणं. ताईचा डोळा हलायचा नाही. टाके मोजत तासन्‌तास एका जागी बघायची सवय, त्यामुळे कॅमेरावालीला तिचं काम म्हणजे सुट्टी वाटायची.

यंत्रानं काढलेलं पहिलं चित्र बघताना ताईनं चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनजवळ वाकली. काळ्यावर पांढरं असं बारीक जाळीकाम. कडेनं जाड वाहिन्या, त्यांना फाटे, फाट्यांना फाटे, आणि मधोमध एक रिकामी जागा, जिच्याभोवती सगळ्यात बारीक धाग्यांचा गोट घातल्यासारखा. ती जागा रिकामीच असते, तिथूनच माणूस सगळ्यात स्पष्ट बघतो, असं कॅमेरावालीनं सांगितलं. या वाहिन्या केसाहून बारीक असतात, त्यांना केशवाहिन्या म्हणतात. आणि अंगात रंग-बिंग न टोचता हे चित्र येतं, कारण यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा बघतं. जे जागचं हललं नाही ते सोडून देतं. जे हललं ते रक्त.

"म्हणजे हे सगळं हलतंय?" ताईनं विचारलं.

"आत्तासुद्धा," कॅमेरावाली म्हणाली.

पण ताईला वेड लावलं ते दोन-तीन वर्षांनी सुरू झालेल्या दुसऱ्याच तपासणीनं. त्यात यंत्र काही बघत नव्हतं, बघायचं तिनंच. एका नळीला डोळा लावायचा, आत स्वच्छ निळा उजेड. सुरुवातीला काही नाही. मग एकाएकी त्या निळ्यात चमकते ठिपके धावायला लागले. बारीक, पांढरट, वळणं घेत जाणारे, एकाच वाटेनं एकामागून एक, आणि छातीच्या ठोक्यासरशी वेग घेणारे. तिनं दचकून डोळा काढला आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला काय ठेवलंय ते बघितलं. काही नव्हतं. कॅमेरावाली म्हणाली की हे तुमचंच रक्त आहे, ताई. त्यातल्या पांढऱ्या पेशी निळा उजेड अडवत नाहीत, म्हणून त्या पडद्यावरून जाताना तुम्हाला दिसतात. शेजारच्या स्क्रीनवर खोटे ठिपके धावत होते, आणि बटण फिरवून त्यांचा वेग आपल्या ठिपक्यांएवढा करायचा होता. त्यावरून रक्ताचा वेग मोजता येतो. ताईनं बटण फिरवलं, वेग जुळवला, काम संपलं. तरी ती नळीला डोळा लावून बसून राहिली. कॅमेरावालीनं तिला उठवलं नाही.

त्या दिवशी दुकानात परत आल्यावर तिला राहवेना. धाकटा कड्या लावत बसला होता. तिनं ठिपक्यांचं सगळं सांगून टाकलं, निळा उजेड, वळणं, ठोक्यासरशी घेतलेला वेग. धाकट्याचे हात थांबले.

"ते गच्चीवर दिसायचे," तो म्हणाला. "उताणं पडून आभाळाकडे बघितलं की. मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसतात म्हणून कुणी बोलत नाही."

ताईनं कधी आभाळाकडे इतकं टक लावून बघितलंच नव्हतं. तिला वाटलं, चला, बोलणं निघालं, आता सगळंच सांगता येईल. पण धाकट्यानं पुढे विचारलं की तू तिथे कधीपासून जातेस. ती म्हणाली, दोन-तीन वर्षं झाली. मग त्यानं विचारलं की तुझे डोळे चांगले आहेत हे किती वर्षं माहीत आहे. त्यावर तिनं मशीनचं चाक फिरवायला घेतलं, आणि तेवढंच त्याला पुरलं.

"मी आंधळा झालो, परका नाही झालो," तो म्हणाला, आणि पुन्हा कड्या लावायला लागला.

त्यानंतर कितीतरी दिवस त्या दुकानात मापांखेरीज काही बोलणं झालं नाही. एवढी लांबी, एवढी रुंदी, अस्तर हवं, अस्तर नको. फटकळ ताई गिऱ्हाईकांशीही मऊ बोलायला लागली, तेव्हा चहावाल्यानं भावजयीला विचारलं की ताईंना बरं नाही का.

त्यातच डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की तुमचे भाऊ येतील का. एकाच घरातली, एकाच आजाराची भावंडं, एकाचे डोळे गेले, एकाचे राहिले. दोघांना शेजारी ठेवून बघता आलं तर फार उपयोग होईल. ताईनं निरोप जसाच्या तसा धाकट्याला सांगितला. लपवायचं काही उरलंच नव्हतं. त्यानं शांतपणे नाही म्हटलं. पडलेल्या घराचा फोटो काढून कुणाला काय मिळणार, असं त्याचं म्हणणं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. धाकट्याचं तर त्या रुग्णालयात डोळ्यांनिशी पोळलं होतं.

गोष्ट तिथेच संपली असती, पण मधे मुलगी आली. धाकट्याची मुलगी, ताईची भाची, चांगली उंचनिंच झालेली, हातात पाना घेऊन घरातली कुठलीही बिघडलेली वस्तू उघडून बसणारी. तिलाही शाळेत असतानाच बापाचा आणि आत्याचा आजार लागला होता. इन्सुलिन ती न कुरकुरता घ्यायची. डोळे तपासायचं नाव काढलं की मात्र उठून जायची. आईनं समजावलं, आत्यानं समजावलं, रागावून झालं, लाडानं झालं. शेवटी एकदा तिनं आत्याला सांगून टाकलं की बाबा त्या दारातून आत गेले तेव्हा त्यांना दिसत होतं. मी लहान होते म्हणून मला आठवत नसेल असं तुम्हाला वाटतं. मला आठवतं. पट्टी सुटली तेव्हा त्यांनी माझ्याकडे हात केला तो भलतीकडेच.

हे बोलणं दुकानाच्या पुढच्या भागात चाललं होतं आणि धाकटा मागे गठ्ठ्यांपाशी होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो टेबलाच्या कडेला हात लावत पुढे आला.

"उद्या मी बसतो त्या यंत्रापुढे," तो मुलीला म्हणाला. "तू मला घेऊन चल. आत काय करतात ते स्वतः बघ. मग तुझं तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिघं गेली. धाकट्यानं थेंब घालून घेतले, हनुवटी टेकवली, कपाळ लावलं. पण पंचाईत अशी की फुलीकडे बघा म्हणावं तर फुली त्याला दिसते कुठे? डोळा भिरभिरायला लागला. कितीतरी चित्रं वाया गेली. धाकट्याच्या मानेवर घाम आला. मग कॅमेरावालीनं त्याचा डावा हात हळूच धरून यंत्राच्या बाजूनं वर उचलला आणि अंगठा उभा करायला सांगितला.

"आता तुमच्या अंगठ्याकडे बघा, काका. दिसत नसला तरी कुठे आहे ते तुम्हाला माहितीय."

आणि धाकट्याचा डोळा खरंच थांबला. आपला अंगठा कुठे आहे ते माणसाला अंधारातही कळतं. मुलगी दाराशी उभी होती ती जवळ आली, आणि बापाचा हात दमून खाली येऊ लागला तसा तिनं कोपराखाली आपला तळवा धरला. चित्र निघेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

स्क्रीनवर चित्र आलं. ताईच्या जाळीपुढे ते एखाद्या वाळून गेलेल्या झाडासारखं होतं. जाड फांद्या दोन-चार, बाकी सगळीकडे काळोख. डॉक्टरीणबाईंनी काही न झाकता सगळं समजावून सांगितलं. कुठे वाहिन्या बंद पडल्यात, कुठे लेझरचे डाग आहेत, कुठे पडदा सुटला होता. मग त्यांनी सांगितलं की इथे मधे, नस जिथून आत येते तिथे, एक वाहिनी अजून चालू आहे. दिसायला तिचा उपयोग नाही, पण रक्त वाहतंय.

धाकट्यानं दमलेला हात चोळला. मग म्हणाला, "म्हणजे घर बंद करून गेलो, पण नळ चालू राहिला म्हणायचा."

पहिल्यांदा हसली ती मुलगी. मग सगळेच हसले. ताई हसता हसता तोंड फिरवून नव्या पडद्याची चुणी सारखी करत राहिली.

धाकट्यानं तेव्हाच तो प्रश्न विचारला, जो इतकी वर्षं त्या घरात कुणी विचारला नव्हता. त्यानं विचारलं की मी पथ्य पाळलं, हिनं नाही पाळलं, मग असं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की खरं सांगायचं तर मला माहीत नाही, तेच शोधण्यासाठी मी हे काम घेतलंय. पण एक गोष्ट माहीत आहे. या आजारात मूत्रपिंडं जातात, पाय जातात. तुमचं दोन्ही शाबूत आहे. "पथ्य वाया गेलं असं समजू नका. त्याच्यावर तुम्ही उभे आहात."

धाकट्यानं मान हलवली. घरी जाताना तो एका बाजूला मुलीचा आणि दुसऱ्या बाजूला ताईचा हात धरून चालत होता. रस्ता ओलांडून झाल्यावरही त्यानं ताईचा हात सोडला नाही.

मुलगी त्यानंतर आठवड्याभरात यंत्रापुढे बसली, कुणी न सांगता. तिला दिसायला काही कमी नव्हतं, नेहमीच्या तपासणीत काही सापडलंही नसतं. पण रक्ताच्या चित्रात मधल्या गोटाचा एक टाका उसवलेला होता. दोन-तीन केशवाहिन्या बंद. आणि लुकलुकत्या उजेडात निरोगी वाहिन्या जशा चटकन रुंदावतात, तशा तिच्या रुंदावत नव्हत्या, आळसावल्यासारख्या वागत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही सुरुवात आहे, आणि सुरुवातीलाच कळलंय. मुलीनं एकच विचारलं, बाबांना हे यंत्र असतं तर? तेव्हा असं यंत्रच नव्हतं, असं त्यांनी सांगितलं.

तिथून पुढची वर्षं सोपी नव्हती. साखर आवरायची म्हणजे जिवाचं रान करायचं, आणि ऐन तरुणपणात ते करायचं. ताई तिच्या मागे डोळ्यात तेल घालून लागली होती. आपण लहानपणी काय काय चोऱ्या केल्या ते तिनं भाचीला एकेक करून सांगितलं, म्हणजे यातली कुठलीही चोरी आत्यापुढे चालणार नाही हे तिला कळावं. भाची म्हणायची, आत्या, तू पोलिसात हवी होतीस. मधे एकदा एका डोळ्यात नव्या कच्च्या वाहिन्या उगवायला लागल्या, तेव्हा त्या फुटायच्या आधीच डोळ्यात औषध टोचून आणि थोडं लेझर करून जिरवल्या. आता ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या खोलीत बसून बारीक बारीक तारा जोडते. नजर तिची आत्यासारखी नाही, पण कामाला पुरून उरणारी आहे.

ताईचं यंत्रापुढे बसणं चालूच राहिलं. धाकटाही वर्षातून एकदा जायचा, अंगठा वर करून. त्याच्या त्या चालू नळाचं काय झालं ते विचारायचा, आणि पुढे तो बंद पडल्याचं कळलं तेव्हा म्हणाला की बरं झालं, पाणी फुकट जात होतं. कॅमेरावालीचं लग्न झालं, तिच्या नव्या घराचे पडदे अर्थातच याच दुकानातून गेले. डॉक्टरीणबाईंचे केस कानाजवळ पांढरे झाले. ताईसारखी आणखी काही माणसं त्यांना सापडली होती आणि त्या सगळ्यांच्या चित्रांवर त्यांनी परिषदेत निबंध वाचला. परत आल्यावर ताईला बोलावून त्यांनी सांगितलं की काही धागे हाताला लागलेत. तुमच्या वाहिन्या अजूनही उजेड बघून तरुणासारख्या रुंदावतात, त्यांना काहीतरी राखतंय. काय राखतंय, ते नाही कळलं.

"मग माझं काम संपलं नाही म्हणायचं," ताई म्हणाली. आणि काही शिवायला घेताना विचारावं तितक्या सहजपणे तिनं विचारलं की मी गेल्यावर हे डोळे तुमच्या उपयोगाचे आहेत का. यंत्रातून दिसतं तेवढंच दिसतं. हातात घेऊन बघितलं तर आणखी कळेल ना?

डॉक्टरीणबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. हो, म्हणाल्या, फार उपयोग होईल. पण घरच्यांशी बोलून ठरवा.

घरचे म्हणजे धाकटा. ताईनं त्याच संध्याकाळी दुकान बंद करताना त्याला सांगितलं. या वेळी तिनं एक दिवसही लपवून ठेवलं नाही. धाकटा कड्यांचा डबा मिटून, कापडावरून हात फिरवत ऐकत होता.

"माझेही घ्यायला सांग त्यांना," तो म्हणाला. "चांगला माल कळायला शेजारी विटलेला ठेवावा लागतो. आणि बरणीत जवळजवळ ठेवा म्हणावं. भांडणाचा आवाज आला तर घाबरू नका."

ताईनं त्याला टपली मारली. मग दोघांनी मिळून दुकानाची फळी लावली. ती वरची कडी बघून अडकवत होती, तो खालची चाचपून.